ऑफ-रोड पार्कचा धंदा : जोखीम कोणाच्या माथी?

मुंबईहून पुण्याकडे जाताना लोणावळा-कामशेतच्या परिसरात, पाचगणीच्या वाटेवर किंवा अलिबागजवळच्या नागाव आणि काशीदच्या वाळूवर एक नवे वाहन आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यासारखी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची बैठक आणि चार रुंद, फुगीर चाके असे त्याचे रूप. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एटीव्ही म्हणतात, कोणी क्वॉड बाइक म्हणतात. रस्ता नसलेल्या ठिकाणी चालावे म्हणून ते बनविलेले आहे. ठरावीक पैसे भरून माळरानावरच्या वळणावळणाच्या मातीच्या वाटेवर दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारायची, कपडे चिखलाने माखून घ्यायचे आणि छायाचित्रे काढून घरी परतायचे, हा शहरी कुटुंबाच्या सुट्टीचा एक भाग होऊन बसला आहे. ज्या आवारात हा खेळ चालतो त्याला ऑफ-रोड पार्क म्हणतात.

या विषयावर धर्मप्रांताच्या पानांतून लिहिण्याचे प्रयोजन काय, असे काही वाचक विचारतील. प्रयोजन जमिनीचे आहे. मुंबईपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर ज्यांची वरकस जमीन पडून आहे, अशा आपल्या काही कुटुंबांकडे ‘जागा भाड्याने देता का?’ अशी विचारणा होऊ लागली असून त्यांतील दोघा-तिघांनी आमच्यापाशी सल्ला मागितला. भाताचे उत्पन्न परवडत नाही, वाडीत काम करायला माणूस मिळत नाही, मुले वसई-विरारच्या लोकलने नोकरीला जातात. अशा वेळी दरमहा रोख भाडे देणारा कोणी दारात उभा राहिला तर त्याला नुसते नाही म्हणून चालत नाही. धंदा समजून घेतल्याशिवाय सल्ला देणे हा उपदेशकांचा जुना दोष आहे. तेव्हा प्रथम धंदाच पाहू.

ऑफ-रोड पार्क दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात वाहने पार्कच्या मालकाची असतात आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते. एक-दोन एकर जागा, पाच-सात एटीव्ही, मातीचे उंचवटे, टायरांचे कठडे आणि दोन-तीन मुलगे एवढ्यावर हा पार्क उभा राहतो. दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक स्वतःची जीप घेऊन येते. पार्कवाला त्याला चढ, खड्डे, दगडांची रांग, पाण्याचा ओहोळ असे अवघड मार्ग आणि सोबत जाणकार मार्गदर्शक पुरवितो. महिंद्र कंपनीने इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र चालविले ते या दुसऱ्या जातीचे म्हणता येईल, फक्त तेथे प्रशिक्षणावर भर आहे. पहिला पार्क यंत्र भाड्याने देतो, दुसरा जमीन भाड्याने देतो. आपल्याकडे ज्यांची चलती आहे आणि ज्यांच्याविषयी विचारणा होते ते जवळजवळ सगळे पहिल्या प्रकारचे आहेत. म्हणून यापुढील विवेचन मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

हा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नाही. वर्षात बावन्न आठवडे, म्हणजे शनिवार-रविवार मिळून १०४ दिवस. जून ते सप्टेंबर हे पावसाचे चार महिने वजा केले तर उरतात साधारण सत्तर. त्यात दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी मिळवा, परीक्षांचा काळ वजा करा. थोडक्यात, वर्षाचे भाडे, पगार, कर्जाचे हप्ते आणि दुरुस्ती हे सर्व ऐंशी-नव्वद दिवसांच्या गर्दीतून वसूल करावे लागते. पावसात चिखलाची हौस असणारे थोडे लोक येतात हे खरे, परंतु कोकणातला पाऊस मातीचा ट्रॅक दोन दिवसांत धुऊन नेतो. ऑक्टोबर उजाडला की जेसीबी आणून, मुरूम टाकून पुन्हा सारे रचावे लागते. उन्हाळ्यात उलट त्रास होतो. धूळ इतकी उडते की पाण्याचा टँकर रोज लागतो. ज्या गावात बायाबापड्या एप्रिलमध्ये हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात, तेथे धूळ बसविण्यासाठी टँकर रिकामा होताना पाहणे कोणाला सुखाचे वाटेल?

यंत्रांची स्थितीही अशीच. धुळीने एअर फिल्टर बुजतो, चिखलाने बेअरिंग जातात, ब्रेकचे पॅड झिजतात, पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्यांचा पट्टा तुटतो. दिवसातून चाळीस-पन्नास वेगवेगळे अननुभवी हात ज्या हँडलवर पडतात ते यंत्र घरच्या गाडीच्या मानाने फार लवकर म्हातारे होते. हे सारे खर्च टाळता येत नाहीत, फक्त पुढे ढकलता येतात. मालकाची तंगी सुरू झाली की तो प्रथम काय पुढे ढकलतो हे कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारावे. भाडे थकले तर जमीनमालक दारात येतो, हप्ता थकला तर फायनान्सवाला गाडी उचलतो. ब्रेकचे पॅड मात्र मुके असतात. त्याचप्रमाणे जाणकार मार्गदर्शकाच्या जागी गावातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा रोजंदारीवर उभा केला तरी त्या दिवसाचा गल्ला कमी होत नाही. नफ्याची कड इतकी पातळ असते की काटकसर बहुधा सुरक्षिततेतच होते. या धंद्याविषयी आमची मुख्य चिंता ही आहे. खेळ चंगळवादी आहे की नाही हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो.

एटीव्ही धोक्याची का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण चार चाके पाहून माणसाला ती मोटारसायकलपेक्षा भरवशाची वाटते. तिचा गुरुत्वमध्य उंच आणि चाकांमधील अंतर कमी असते. वळणावर किंवा उतारावर ती उलटू नये म्हणून चालविणाऱ्याने आपल्या शरीराचा भार आतल्या बाजूस किंवा चढाकडे टाकायचा असतो. तिचा तोल चालविणाऱ्याच्या हालचालीवर अवलंबून राहतो. एकट्यासाठी बनविलेल्या गाडीवर मागे दुसरा माणूस बसला की ही हालचाल अडते. उलटली तर तिला छप्पर नसते, पट्टा नसतो, आणि मोठ्या माणसांसाठीच्या ताकदवान गाड्यांचे वजन अडीच-तीनशे किलोच्या घरात जाते. शेजारी-शेजारी बसायची आसने, सुकाणूचे चाक, पट्टा आणि लोखंडी सांगाडा असलेल्या मोठ्या गाड्या यापेक्षा सुरक्षित आहेत, पण त्या महाग असल्यामुळे लहान पार्कांत क्वचितच दिसतात.

अमेरिकेने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. तेथे प्रथम तीनचाकी एटीव्ही विकल्या जात. अपघात एवढे वाढले की १९८८ साली सरकारी ग्राहक सुरक्षा आयोग आणि उत्पादक यांच्यात न्यायालयापुढे तडजोड होऊन तीनचाकींची विक्री थांबली, आणि नव्वद सीसीहून मोठी गाडी सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकायची नाही असे ठरले. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळा वर्षांखालील मुलांनी असे वाहन मुळीच चालवू नये असे सांगत आली आहे. आपल्याकडे रविवारी कोणत्याही ट्रॅकवर दिसणारे दृश्य याच्या उलट असते. वडील मागे, पुढे हँडलला धरून पाच-सहा वर्षांचे मूल, हेल्मेट असले तर एकाच मापाचे, तेही हनुवटीखाली न बांधलेले. तिकीट मात्र दोघांचे! हे चित्र पाहून हसणाऱ्या आई-बापांना आम्ही दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. सांगण्याचे काम पैसे घेणाऱ्याचे होते.

२००७ साली स्थलांतरित आणि प्रवासी यांच्या सेवेसाठी असलेल्या परमगुरूपीठाच्या परिषदेने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यातील वाहनचालकांच्या दहा आज्ञांची त्या वेळी वर्तमानपत्रांनी बरीच थट्टा केली. ‘हत्या करू नको’ ही त्यातील पहिली आज्ञा आहे, आणि वाहन हे सत्ता व वर्चस्व मिरविण्याचे साधन होऊ नये असा आशय पुढे येतो. ते लिखाण रस्त्याविषयी आहे हे मान्य. परंतु रस्ता संपला म्हणजे पहिली आज्ञा संपली असे कोणीही म्हणणार नाही.

दुर्दैवाने कायदा मात्र रस्ता संपल्यावर बराचसा सैल होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मधील व्याख्येप्रमाणे केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनविलेले खास प्रकारचे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. आपल्या पार्कांतील एटीव्हींना नंबरपाटी नसते त्यामागे हाच आधार सांगितला जातो. नंबरपाटी नाही म्हणजे नोंदणी नाही, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक स्कूटरला जो तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे तोही नाही. रस्त्यावर कोणी जखमी झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा सरळ मार्ग असतो. पार्कात पाठीचा कणा मोडला तर कुटुंबाला ग्राहक आयोगाची किंवा दिवाणी न्यायालयाची लांब वाट धरावी लागते. ही पोकळी भरून काढण्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा वेगळा विमा मिळतो. तो कोणी घेतला आहे आणि किती रकमेचा, हे तिकीट खिडकीवर लिहिलेले आम्ही तरी पाहिले नाही.

त्याऐवजी गिऱ्हाइकाच्या हाती एक छापील कागद दिला जातो. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ असा मजकूर आणि खाली सही. पुष्कळ पार्कवाल्यांची अशी प्रामाणिक समजूत असते की या कागदाने ते सुटले. तसे नाही. खेळात अंगभूत असलेला धोका गिऱ्हाइकाने पत्करला एवढेच फार तर त्या सहीने सिद्ध होईल. ब्रेक नादुरुस्त होता, मार्गदर्शक शिकलेला नव्हता, मुलाला मोठ्या गाडीवर बसविले, असा निष्काळजीपणा सहीने धुऊन निघत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकावर अन्याय करणाऱ्या एकतर्फी कराराची कल्पनाच स्वतंत्रपणे आली आहे. आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तेथे हा कागद कोणी वाचूनही पाहणार नाही.

नियम अजिबात नाहीत असेही म्हणता येत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने साहसी सहलींच्या व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेबरोबर २०१८ मध्ये सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत एटीव्हीच्या सफरींसाठी वेगळा भाग आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणून अशा आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्यास सांगितले. कागदावर हे पाऊल योग्यच आहे. परंतु महामार्गालगत रातोरात टायर पुरून उभा राहिलेला पार्क नोंदलेला आहे की नाही हे पाहायला रविवारी दुपारी कोणता अधिकारी येणार? तपासणी अपघातानंतर होते, आणि दोन महिन्यांनी तेच पार्क नवी पाटी लावून सुरू होते.

आता जमीनमालकाकडे येऊ, कारण सल्ला त्याने विचारला होता. ‘मी फक्त भाडे घेतो, खेळाशी माझा संबंध नाही,’ ही त्याची पहिली भूमिका असते आणि ती समजण्यासारखी आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ या विश्वपत्रात प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला होता. कामगाराला जो पगार देतो तो प्रत्यक्ष मालक; परंतु ज्यांच्या निर्णयांनी त्या कामाच्या अटी ठरतात ते सारे अप्रत्यक्ष मालक, आणि त्यांनाही आपल्या वाट्याचे उत्तरदायित्व असते. पोपमहोदयांच्या मनात मुख्यतः शासन आणि मोठ्या संस्था होत्या. तरीही भाडेकराराची अट ठरविणारा शेतकरी त्या व्याख्येच्या अगदीच बाहेर पडत नाही असे आम्हांस वाटते. कराराच्या दिवशी त्याच्या हातात जी शक्ती असते ती पुढे कधीच नसते. विम्याची प्रत दिल्याशिवाय ताबा नाही, विम्यात जमीनमालकाचेही नाव हवे, नोंदणीचे प्रमाणपत्र दाखविल्याशिवाय दुसऱ्या वर्षाचे नूतनीकरण नाही, करार संपल्यावर उंचवटे मोडून जमीन पूर्ववत करून द्यायची आणि त्यासाठी अनामत रक्कम, एवढ्या चार अटी त्याने घातल्या तर पर्यटन संचालनालयाच्या दहा निरीक्षकांचे काम होईल. भाडे थोडे कमी येईल, हे उघड आहे.

कायद्याचे काही काटेही आहेत. शेतजमीन बिगरशेती कामासाठी वापरायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे परवानगी लागते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. पन्नास-शंभर रुपयांच्या मुद्रांकावर पाच वर्षांचा करार लिहून देणारे महाभाग अजूनही भेटतात. सर्वांत नाजूक प्रश्न आदिवासींच्या जमिनीचा. संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, त्यापुढे शासनाची संमती. आपल्या धर्मप्रांताचा मोठा भाग जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी अशा तालुक्यांत पसरलेला असल्याने ही तरतूद आपल्या लोकांना पाठ असायला हवी. तोंडी बोलीवर जमीन वापरायला घ्यायची आणि मूळ मालकालाच तेथे रखवालदार म्हणून नेमायचे, ही युक्ती फार्महाउसांच्या काळापासून चालत आली आहे. अहाब राजाने नाबोथकडे त्याचा द्राक्षमळा मागितला तेव्हा तोही प्रथम योग्य मोबदला द्यायला तयार होता, हे बायबल वाचणाऱ्यांनी विसरू नये. गावाच्या गुरचरणाविषयी तर बोलायलाच नको. गावाची सामायिक जमीन खासगी कामासाठी बळकावण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात स्पष्ट निर्णय दिलेला आहे.

एवढे वाचून आम्ही या धंद्याच्या विरोधात आहोत असा ग्रह होईल. तसा तो होऊ नये म्हणून एक परदेशी उदाहरण विस्ताराने सांगतो. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा दक्षिण भाग कोळशाच्या खाणींचा. यंत्रे आली, खाणकामगार घटले, गावे ओस पडू लागली. डोंगर कोळसा आणि लाकूड कंपन्यांच्या मालकीचे होते; त्यांवर स्थानिक तरुण चोरून एटीव्ही दामटीत, पडत, मरत, आणि कंपन्या खटल्याच्या भीतीने फाटके लावीत. १९९६ साली राज्याच्या विधिमंडळाने एक सार्वजनिक प्राधिकरण स्थापन केले. एकोणिसाव्या शतकात परस्परांचे मुडदे पाडणाऱ्या त्या भागातील दोन कुप्रसिद्ध घराण्यांवरून त्याला हॅटफिल्ड-मकॉय हे नाव पडले, यातली गंमत त्यांनाही कळली असावी. २००० साली सुमारे तीनशे मैलांच्या वाटा खुल्या झाल्या. आज त्या हजार मैलांहून अधिक आहेत. वाटा फिरायला वार्षिक परवाना लागतो आणि बहुसंख्य परवाने राज्याबाहेरचे लोक घेतात. हेल्मेट सक्तीचे आहे, मार्गांना अवघडपणाप्रमाणे रंग दिलेले आहेत, गस्त घालणारे रक्षक आहेत. बंद पडलेल्या गावांत खानावळी, छोटी निवासस्थाने आणि दुरुस्तीची दुकाने उघडली.

हे कसे साधले? डोंगर सुंदर होते म्हणून नव्हे. अपघात झाल्यास कोण उत्तरदायी, हे पहिले वाहन फिरण्यापूर्वी कायद्याने ठरवून टाकले होते. जमीनमालक कंपन्यांना खटल्यापासून संरक्षण, आणि त्याच्या मोबदल्यात विमा, देखभाल व शिस्त यांची जबाबदारी प्राधिकरणावर. जोखीम हवेत लोंबकळत ठेवली नाही. खाणीतला पगार या खानावळींतून मिळत नाही, ही तेथील टीका रास्त आहे. पर्यटनाने कोळशाची जागा भरून निघाली असे सांगणारे थोडी अतिशयोक्ती करतात. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ती जमीन आधीच उकरलेली, तोडलेली होती. जर्मनीतील बव्हेरियात लांगेनआल्टहाइम येथील प्रसिद्ध ऑफ-रोड पार्क बंद पडलेल्या दगडखाणीत आहे. इंग्लंडमध्येही जीपवाल्यांना दिवसाच्या पैशांवर खेळू देणाऱ्या कित्येक जागा जुन्या खाणींच्या आहेत. तेथे मोटारशर्यतींसाठी जमिनीचा तात्पुरता वापर नियोजन खात्याच्या परवानगीशिवाय वर्षातून चौदा दिवसच करता येतो, त्यामुळे शेजारच्या गावाला बाकीचे दिवस शांतता मिळते. आवाजाची अशी मोजदाद आपल्याकडे कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आमचे मत यावरूनच बनले आहे. खेळाला बंदिस्त, कुंपण घातलेली, आधीच बिघडलेली जागा दिली तर तो खुल्या जमिनीवरून दूर राहील. आज तो नेमका उलट, सर्वांत नाजूक जागी चालतो. किनाऱ्याची वाळू फुकट असते, तिला भाडे नाही, कुंपण नाही, आणि तिकीट खिडकी म्हणजे एक प्लास्टिकची खुर्ची. गोव्यात किनाऱ्यावर मोटार चालविण्यास मनाई आहे, तरी भरतीत अडकलेल्या मोटारींच्या बातम्या येतच असतात. वेळास, आंजर्ले येथे ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. पिल्ले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. त्या काळात वरून चाके फिरली तर वाळू घट्ट दाबली जाते आणि बाहेर पडलेले पिल्लू टायरच्या चरीत अडकून समुद्रापर्यंत पोचत नाही. कोकणच्या सड्यांची गोष्टही तशीच आहे. कातळावरचा बोटभर मातीचा थर पावसाळ्यात फुलांनी भरतो आणि उन्हाळ्यात ओसाड दिसतो. मुंबईहून आलेल्या माणसाला तो मार्चमध्ये ‘पडीक’ वाटतो, यात नवल नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. घराच्या कोणत्या खोलीत मुलांनी दंगा करावा आणि कोणत्या खोलीत करू नये हे प्रत्येक घर ठरवीत असते.

पर्यावरणवादी मित्रांना आमचे हे म्हणणे तडजोडीचे वाटेल. ज्या वसईने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला, त्या वसईच्या धर्मगुरूने पेट्रोलच्या धुराला जागा सुचवावी, असे एकाने आम्हांला ऐकविलेही. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की वसई-पालघरच्या पूर्वेकडील टेकड्या खणून दगड मुंबईच्या इमारतींत गेला, त्या सोडून दिलेल्या खाणींचे पुढे काय करायचे? पावसाचे पाणी साचून त्यांचे खोल डोह होतात, कडेला कठडा नसतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला गेलेली मुले तेथे बुडतात. अशी जागा कोणी भाड्याने घेऊन, सरळसोट कडे टप्प्याटप्प्याने उतरते करून, पाण्याचा भाग कुंपणाने वेगळा काढून आणि राखण ठेवून चालविणार असेल, तर तेथील जीवितहानी वाढण्याऐवजी घटण्याचा संभव अधिक. झाडे लावणे उत्तम, परंतु खडकाच्या तळावर झाडे लागायला एक पिढी जाते आणि तोवर कुंपणाचा खर्च कोणी करीत नाही. मात्र भाताच्या खाचरात, चिकूच्या वाडीत किंवा खाजणाच्या कडेला ट्रॅक पाडायचा असेल तर आमचे उत्तर नकाराचे आहे. चाकांनी घट्ट झालेले खाचर पाणी पूर्वीसारखे धरीत नाही आणि पाच वर्षांचे भाडे संपल्यावर ते पुन्हा नांगराखाली आणण्याचा खर्च शेतकऱ्यालाच पडतो.

राहता राहिला तेथे काम करणाऱ्या मुलांचा विषय, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. हा शनिवार-रविवारचा धंदा असल्यामुळे ज्या दिवशी गाव विसाव्याला असते त्या दिवशी ही मुले सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत धुळीत उभी असतात. नाकावर रुमाल, पायात साधी चप्पल, आणि उलटलेली गाडी दोन हातांनी सरळ करायची. गिऱ्हाइकाचा विमा असलाच तर असतो, या मुलांचा नसतो. काही धर्मग्रामांत युवा संघाच्या बैठकांना आणि रविवारच्या मिस्साला ठरावीक चेहरे दिसेनासे झाले आहेत. चौकशी केल्यावर ती धर्माला विटली नसून ट्रॅकवर किंवा रिसॉर्टवर कामाला आहेत असे कळते. शनिवारी सायंकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पार पडते, परंतु शनिवारी सायंकाळीही ती कामावरच असतात. जागा देणाऱ्या कुटुंबांनी आपल्या करारात आणखी एक कलम घालावे असे आम्ही सुचविले आहे. कामावर ठेवलेल्या प्रत्येकाचा अपघात विमा, प्रथमोपचाराचे व वाहन उचलण्याचे रीतसर शिक्षण, आठवड्यात सोमवार किंवा मंगळवारची पगारी सुट्टी, आणि रविवारी ज्याला मिस्साला जायचे असेल त्याला पाळी बदलून दोन तास मोकळे. रविवारी ट्रॅक दहा वाजता उघडला तर यातला अर्धा प्रश्न सुटतो. शहरातील गिऱ्हाईक त्याआधी फारसे पोचतही नाही.